विश्लेषण : ‘कट्यार’आधीचे वसंतराव देशपांडे… प्रसिद्धी सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत का थांबली?

२४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेतील डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्या दिवशी त्यांचे वय ४७ वर्षे होते. पुढे ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे लोक ज्या वसंतरावांना ओळखतात, ते वसंतराव जेमतेम साडेपंधरा वर्षांचे. त्याआधीची ४७ वर्षे एका वाक्यात उरकली जातात : लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत आणि फावल्या वेळात गात. हे वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून फारसे कळतही नाही. ज्याने लहानपणीच चित्रपटात कृष्ण साकारला, लाहोरपर्यंत जाऊन गाणे आणले, त्याला चाळिशी उलटेपर्यंत आकड्यांच्या वह्या का सांभाळाव्या लागल्या, हा खरा प्रश्न आहे.

वाशिमकरांशी त्यांचे नाते काय?

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरचा. आजच्या नकाशात मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात आणि कारंजा वाशिम जिल्ह्यात, त्यामुळे हा मोठा गायक शेजाऱ्यांचा असे आपण मानतो. १९२० सालचा नकाशा वेगळा होता. इंग्रजांच्या काळातला जुना वाशिम जिल्हा १९०५ मध्येच मोडीत निघाला होता, वाशिमचा भाग अकोल्याला जोडला गेला होता आणि कारंजा तर चक्क मूर्तिजापूर तालुक्यात होते. वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही झुकझुक गाडी दोन्ही गावांना बांधून ठेवत होती. तेव्हा जिल्ह्याच्या आजच्या हद्दीवरून वसंतराव आपले की परके हे ठरवण्यात अर्थ नाही. ते वऱ्हाडचे होते आणि कारंजा-मूर्तिजापूर हा तेव्हा एकच मुलूख होता.

हा मुलूख कापसाचा. हंगामात लोकांच्या हाती पैसा खेळायचा आणि त्यामागोमाग नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडायचे. मुंबई-पुण्याइतकीच वऱ्हाड-नागपूरची वारी कंपन्यांना लाभाची वाटे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, केशवराव भोसले ही नावे इथे केवळ वर्तमानपत्रांतून आलेली नव्हती. लोकांनी त्यांना तिकीट काढून ऐकलेले होते. त्या काळी या भागातल्या मुलाच्या कानावर शास्त्रीय संगीत पडे ते बहुधा नाटकाच्या पदातून किंवा कीर्तनातून. राजदरबार किंवा घराणेदार उस्ताद हाताशी नव्हते. वसंतरावांच्या गाण्यात शास्त्र आणि नाट्य यांच्यामध्ये भिंत का नव्हती, याचे एक उत्तर इथे सापडते.

नागपूरने काय दिले?

मूर्तिजापूर लवकरच सुटले. लहानग्या वसंताला घेऊन आई नागपूरला आली आणि तिनेच त्याला वाढवले. वडिलांच्या घरचा आधार नाही, घरात गाण्याचा वारसा नाही आणि तो काळ १९२० च्या दशकाचा. एकट्या बाईने मुलाला शिकवायचे म्हटले तर शाळा आणि मग नोकरी एवढाच सरळ रस्ता दिसे. तरीही तिने मुलाच्या गाण्याला आडकाठी केली नाही. वसंतरावांची गोष्ट सांगताना गुरूंची यादी लांबलचक दिली जाते आणि आईचा उल्लेख ओझरता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा हवा. पुढे त्यांनी पोटापाण्याची नोकरी धरली आणि इतकी वर्षे सोडली नाही, त्यामागेही हे बालपणच असावे. आधार नसलेल्या घरातला मुलगा पगाराची किंमत लवकर शिकतो.

नागपुरात शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय होते. तिथे वसंतरावांचे पहिले रीतसर शिक्षण झाले. राग, ताल, बंदिशी वर्गात बसून क्रमाने शिकण्याची ही पद्धत होती. याच सप्रे गुरुजींकडे आणखी एक मुलगा शिकत होता. वसंतरावांहून दोन वर्षांनी मोठा, नाव राम चितळकर. पुढे तोच सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रपटसंगीतात गाजला. एका गुरूच्या या दोन शिष्यांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या ते पुढे येईलच.

‘कालियामर्दन’ने नशीब का उघडले नाही?

भालजी पेंढारकरांनी या मुलाचा आवाज हेरला आणि आपल्या ‘कालियामर्दन’ या बोलपटात त्याला कृष्णाची भूमिका दिली. हा चित्रपट १९३५ चा. (दादासाहेब फाळके यांचा याच नावाचा मूकपट १९१९ चा, त्यात कृष्ण झाली होती त्यांची कन्या मंदाकिनी. दोन्हींची गल्लत अनेकदा होते.) पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा कुठे सुरू होत होती. पडद्यावर जो गातो त्याला खरोखर गाता यावे लागे. त्यामुळे गोड गळ्याचा, चुणचुणीत मुलगा मिळणे ही दिग्दर्शकाची गरज होती आणि वसंता त्या गरजेत नेमका बसला.

पण बालनटाचे नाव टिकत नाही. आवाज फुटतो, उंची वाढते आणि कृष्णाची भूमिका दुसऱ्या मुलाकडे जाते. हे सगळ्यांच्याच बाबतीत होते. वसंतरावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ते वयात येत असताना गायक नटाचा धंदाच बुडत होता.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. पाठोपाठ नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक आटू लागला. मोठा लवाजमा, पगारी नट, साजिंदे, पडदे, रेल्वेचे भाडे हा सगळा खर्च तिकीटबारीवर निघेना. खुद्द बालगंधर्वांना १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त काम करावे लागले. मास्टर दीनानाथांनी चित्रपटनिर्मितीत उडी घेतली आणि ते कर्जात रुतले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या घराची अवस्था काय होती, हे मंगेशकर कुटुंबाच्या कहाणीतून सर्वांना ठाऊक आहे.

दहा-पंधरा वर्षे आधी जन्मले असते तर वसंतराव कदाचित एखाद्या मंडळीत दाखल झाले असते, आणि पंचविशीतच ‘मास्टर वसंत’ म्हणून गाजले असते. त्यांचा गळा, अभिनयाची समज, फिरतीची तयारी हे सगळे त्या व्यवसायाला साजेसे होते. मात्र ते तयार झाले तेव्हा दुकानाला कुलूप लागले होते. ज्या रंगभूमीने पुढे त्यांना मोठे केले, ती पुन्हा उभी राहायला जवळपास तीन दशके लागली. त्यांच्या ‘उशिरा’ प्रसिद्धीचे पहिले कारण हे आहे. बिचाऱ्या कलावंताला कोणी ओळखले नाही, असा केवळ नशिबाचा भाग त्यात नव्हता.

लाहोरला ते कशासाठी गेले आणि काय घेऊन आले?

वसंतरावांचे मामा लाहोरला होते. तरुण वसंता तिकडे गेला आणि तिथे त्याला उस्ताद असद अली खाँ भेटले. फाळणीपूर्वीचे लाहोर हे उत्तरेतील गाण्याचे मोठे ठिकाण होते. पतियाळा घराण्याचे गवई, ठुमरी, टप्पा, पंजाबी ढंगाच्या वळणदार ताना हे सगळे तिथे होते. नागपूरच्या विद्यालयात शिकलेल्या मुलाला हे निराळेच जग होते. मास्टर दीनानाथांच्या गाण्यातही पंजाबी ढंगाची ओढ होती आणि दीनानाथ हे वसंतरावांचे दैवत. लाहोरमध्ये त्यांना आपल्या आवडत्या गायकीचे मूळ गवसले, असे म्हणता येईल.

उस्तादांनी त्यांना महिनोन्महिने एकच राग शिकवला : मारवा. ही हकिगत गाण्याच्या बैठकांत आख्यायिकेसारखी सांगितली जाते. पण मारवाच का, हे सहसा सांगितले जात नाही. ते समजून घेतले तर शिक्षणाचा हा प्रकार किती विचारपूर्वक होता ते कळते.

मारवा संध्याकाळचा राग. त्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. गाण्याचा पाया म्हणजे षड्ज, पण मारव्यात त्यावरही फार वेळ टेकायचे नाही. तानपुऱ्यावर षड्ज सतत वाजत असतो आणि गायकाने मात्र त्याला टाळत, रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहायचे. ऐकणाऱ्याला घरी परतल्यासारखे वाटता कामा नये. दिवस बुडाला आहे, दिवा अजून लागलेला नाही, अशी ती वेळ. दुसरी अडचण अशी की हेच स्वर पूरियात आणि सोहनीतही आहेत. भर गंधार-निषादावर गेला की पूरिया होतो, वरच्या सप्तकात घोटाळलो की सोहनी. म्हणजे स्वर माहीत असून उपयोग नाही, कोणावर किती थांबायचे हे गळ्यात बसावे लागते.

असा एक राग सहा-सहा महिने घोटला की विद्यार्थी रागाची ‘यादी’ शिकत नाही, तर राग हा प्रकार कसा चालतो ते शिकतो. एका कुलपाची रचना पुरती उमगली की इतर कुलपे उघडायची रीत कळते, तसेच हे आहे. वसंतरावांचा मारवा पुढे त्यांची ओळख झाला. त्यांच्या नावाशी जोडला जाणारा राजकल्याण हा रागही पंचम वगळलेला आहे, हा योगायोग म्हणावा की लाहोरचा परिणाम, ते जाणकारांनी ठरवावे.

लाहोर कायमचे मात्र लाभले नाही. वसंतराव महाराष्ट्रात परतले. काही वर्षांतच देशाची फाळणी झाली आणि ज्या गावी त्यांना मारवा मिळाला ते गावच परदेश झाले.

लष्करी हिशेब खात्यात ते कसे पोहोचले?

दुसरे महायुद्ध सुरू झाले तसे लष्कराच्या कचेऱ्यांत कारकुनांची गरज वाढली. पुणे हे लष्करी हिशेबाचे मोठे केंद्र. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वसंतराव तिथे नोकरीला लागले आणि साधारण दोन तपे त्यांनी ती केली. सैनिकांचे पगार, भत्ते, खर्चाची बिले तपासणाऱ्या अवाढव्य यंत्रणेतले ते एक कर्मचारी होते.

या नोकरीकडे दोन प्रकारे पाहिले जाते. एक म्हणजे, एवढ्या मोठ्या गवयाची कारकुनीत माती झाली. दुसरे, कलावंताने पोटासाठी काहीतरी करावेच लागते. दोन्हींत एक गोष्ट निसटते. मैफलीच्या बिदागीवर जगणाऱ्या गायकाला संयोजकाचे, श्रीमंत यजमानाचे आणि श्रोत्याच्या आवडीचे ऐकावे लागते. ज्याचा पगार दर महिन्याला हिशेब खात्यातून येतो त्याला असे बंधन नसते. वसंतरावांनी त्या काळात आपल्याला हवे ते, हवे त्याच्याकडून शिकले. गंडा बांधून एकाच घराण्याची पालखी वाहण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. अर्थात या मोकळिकीची किंमतही होती. रियाज पहाटे किंवा रात्री. परगावची मैफल असेल तर रजेचा अर्ज. बदली झाली तर गुरू, साथीदार, शहर सगळेच सुटणार. गाणे हे पूर्ण वेळचे काम आहे असे मानणाऱ्या जगात नोकरदार गायकाला ‘हौशी’ हा शिक्का लागतो आणि तो पुसणे फार कठीण असते.

इतके गुरू, मग घराणे कोणते?

वसंतरावांच्या आयुष्यातला सर्वांत टोकाचा पेच इथे आहे. त्यांच्या गुरूंची नावे पाहा. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने. हे अब्दुल करीम खाँ यांचे पुत्र, हिराबाई बडोदेकरांचे बंधू आणि पुढे प्रभा अत्रे यांचेही गुरू. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ आणि त्याच घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर. ग्वाल्हेर परंपरेतले रामकृष्णबुवा वझे, ज्यांनी ‘ललितकलादर्श’च्या नाटकांना चाली दिल्या आणि ज्यांच्याकडे दीनानाथही शिकले. त्याआधी पतियाळाचे असद अली आणि नागपूरचे सप्रे गुरुजी.

या मंडळींची गाण्याची दृष्टी एकमेकांशी जुळणारी नव्हती. किराण्यात एकेका स्वराची आर्जवी बढत. घाई चालत नाही. भेंडीबाजारात सरगम आणि स्वरांच्या गणिती उलटापालटी. वझेबुवांकडे लयीचा दमदार खेळ आणि अनवट राग. पतियाळात चमकदार, अवखळ तान. त्या काळातला कोणताही बुजुर्ग शिष्याला सांगे की चार घरचे पाणी पिऊ नकोस, गळा बिघडतो. हा सल्ला अगदीच चुकीचाही नव्हता, कारण चार शैलींतले चार तुकडे जोडून गाणारे अनेक जण होते आणि त्यांचे गाणे गोधडीसारखे दिसे.

वसंतरावांचे तसे झाले नाही. लाहोरला एकाच रागावर घेतलेली मेहनत इथे उपयोगी पडली असावी. पाया एक असला की वरची भर सामावली जाते. पण श्रोत्यांना आणि संयोजकांना ते पटवून देणे ही वेगळी गोष्ट. १९४० आणि १९५० च्या दशकांत मैफलीचे जग घराण्याच्या नावावर चालत होते. कार्यक्रमपत्रिकेत गायकाच्या नावापुढे घराणे असायचे, त्याच्यामागे गुरुबंधूंचा गोतावळा आणि घराण्याचे चाहते असायचे. ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला वसंतरावांकडे एका शब्दाचे उत्तर नव्हते. त्यातच ते ख्यालाबरोबर ठुमरी, गझल, नाट्यपद, लावणी सगळे गात. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते नाटकी वाटत आणि नाटकवाल्यांना शास्त्रीय. दोन्हीकडे मान होता, पण हक्काची जागा कुठेच नव्हती.

मग या काळात त्यांचे गाणे कोणी ऐकत होते का?

ऐकत होते, आणि ऐकणारे कमी तोलाचे नव्हते. पुण्यात पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांची दोस्ती जुळली ती आयुष्यभराची. पुलं पेटी घेऊन बसत आणि वसंतराव गात, अशा खासगी बैठकांच्या आठवणी पुण्या-मुंबईच्या त्या पिढीने जपल्या. बेगम अख्तर यांच्यासारख्या गायिकेला त्यांच्या गाण्याची कदर होती. थोडक्यात, गाणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव होते. तिकीट काढून येणाऱ्या सामान्य श्रोत्यापर्यंत मात्र ते पोहोचले नव्हते.

एक प्रसंग यात विशेष बोलका आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, वर्षभर दर आठवड्याला एक गीत, एकूण ५६. रेडिओ लागला की रस्ते ओस पडत, असे त्या दिवसांचे वर्णन केले जाते. त्या मूळ प्रसारणात फडक्यांबरोबर माणिक वर्मा, सुरेश हळदणकर, राम फाटक असे अनेक गायक होते आणि त्यांत वसंतराव देशपांडेही होते. मराठी माणसाने सर्वाधिक ऐकलेल्या कार्यक्रमात त्यांचा आवाज होता. पण पुढे फडक्यांनी गावोगावी एकट्याने कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच आवाजात लोकप्रिय झाल्या आणि ‘गीतरामायण’ म्हणजे बाबूजी असे समीकरण झाले. मूळ संचातील इतर आवाज हळूहळू विस्मरणात गेले.

दरम्यान सप्रे गुरुजींचा दुसरा शिष्य कुठे होता? १९५१ मध्ये ‘अलबेला’ आणि १९५३ मध्ये ‘अनारकली’ने सी. रामचंद्र देशभर गाजत होते. तेव्हा वसंतराव पुण्यात कचेरीच्या वेळा पाळत होते.

नेफातील बदली निर्णायक का ठरली?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, चीन युद्धाच्या आगेमागे, वसंतरावांची बदली ईशान्य सीमेवर झाली. ‘नेफा’, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. लष्कर जिथे जाते तिथे त्याचा हिशेबही जातो. चाळिशी ओलांडलेला गवई, बरोबर साथीदार नाहीत, श्रोते नाहीत, थंड आणि दमट डोंगराळ हवा. पुण्यात नोकरी आणि गाणे ही दोन आयुष्ये शेजारी शेजारी चालू शकत होती. इथे एकच उरले.

त्याच युद्धात हुतात्मा झालेल्या जवानांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी गायले. संगीत सी. रामचंद्र यांचे. नागपूरच्या एकाच विद्यालयातून निघालेल्या दोघांपैकी एकाला त्या युद्धाने सर्वांत मोठे व्यासपीठ दिले, दुसऱ्याला सीमेवरची बदली. गाणारी होती वसंतरावांच्या दैवताची, दीनानाथांची मुलगी. असे काही कादंबरीत लिहिले तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

तिथून परतल्यावर, साठच्या दशकाच्या मध्यावर, वसंतरावांनी नोकरी सोडली. पदरी संसार, वय पंचेचाळिशीच्या आसपास, हातात मैफलींची खात्री नाही आणि निवृत्तीला अजून अवकाश. आज मागे वळून पाहताना हा निर्णय योग्य वाटतो, कारण पुढचे आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी तो अविचार वाटला असता तरी कोणाला दोष देता आला नसता.

‘कट्यार’ त्यांच्याच वाट्याला का आली?

नोकरी सुटली ती वेळ मात्र अनुकूल होती. तीस वर्षे मरगळलेली संगीत रंगभूमी पुन्हा उठत होती. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’, १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’. दोन्ही नाटकांचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. पदांची संख्या कमी, चाली ताज्या आणि प्रयोग आटोपशीर, असा हा नवा साचा होता. वसंतरावांच्या तरुणपणी बंद झालेले दुकान वेगळ्या मालकाने, वेगळ्या पद्धतीने उघडले होते.

पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. नागपुरात ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था चालवणारे, ‘वऱ्हाडी माणसं’ लिहिणारे. त्यांनी दोन घराण्यांच्या संघर्षावर नाटक लिहिले. विश्रामपूरच्या दरबारात भानुशंकर पंडितजी राजगायक आहेत, खाँसाहेब वर्षानुवर्षे त्यांच्या सावलीत आहेत. खाँसाहेबांना अखेर ते पद मिळते, पण आपली विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही हा हट्ट त्यांना पोखरतो. प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने ते उभे केले, संगीत अभिषेकींचे, पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर.

या नाटकाला असा गायक हवा होता की ज्याच्या गळ्यातून घराण्यांमधला फरक प्रेक्षकाला ऐकू येईल. अभिषेकींनी एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधले, एक पंडितजींच्या वळणाची आणि दुसरी खाँसाहेबांच्या. शेवटाकडे राग बदलत जाणारी बंदिश ठेवली. एका घराण्यात वाढलेल्या गवयाला हे जड गेले असते. वसंतरावांनी मात्र पतियाळा, किराणा, भेंडीबाजार, ग्वाल्हेर सगळे पचवलेले होते. शिवाय अभिनय येत होता, उर्दूमिश्रित बोलणे लाहोरमुळे जिभेवर होते. वीस वर्षे जी गोष्ट त्यांच्याविरुद्ध जात होती, म्हणजे एकाही घराण्याचे नसणे, तीच इथे पात्रता ठरली. आणि गंमत अशी की, त्यांना मिळालेली भूमिका घराण्याचा कडवा अभिमान बाळगणाऱ्या माणसाची होती.

खाँसाहेब पहिल्या अंकात राजगायक होतात तेव्हा त्यांच्या आवाजात जे साचलेले बाहेर पडते, ते ऐकताना वसंतरावांची कचेरीतली वर्षे आठवल्याशिवाय राहत नाहीत. नट म्हणून त्यांनी ते कसे वापरले याचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे.

आज काय ऐकावे, कुठे शोधावे?

‘कट्यार’चे हजाराहून अधिक प्रयोग झाले. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. २०२२ मध्ये निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ आला. त्यात नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली आणि त्यातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या लेखात आलेला बराचसा काळ त्या चित्रपटातही दिसतो. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे.

ध्वनिमुद्रणे ऐकायची तर बहुतेक जण ‘कट्यार’च्या पदांपासून सुरुवात करतात. एकदा क्रम बदलून पाहावा. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यांचा मारवा लावावा आणि ते षड्जावर किती वेळ थांबतात, हे लक्षपूर्वक ऐकावे.